स्कॅनर घ्यायचाय? आधी महिनाभर वही लिहा



आयटीआयमधून मेकॅनिकचा कोर्स झाला, फाट्यावर छोटं गॅरेज टाकलं, की पोरापोरींना पहिल्याच वर्षी एक मोठा खर्च दिसायला लागतो. तो म्हणजे स्कॅनर. मग गटाकडे अंतर्गत कर्जाचा अर्ज येतो. ‘गाडी तपासायचं मशीन’ एवढंच आपल्याला माहीत असतं. त्यामुळे आपण एक तर घाबरून नाही म्हणतो, नाही तर न विचारता सही करतो. दोन्हीत नुकसान आहे. तुमची लेक, सून किंवा तुम्ही स्वतः या कामात उतरणार असाल, किंवा अर्ज मंजूर करणाऱ्या अध्यक्ष-सचिव असाल, तर हा पाठ तुमच्यासाठी आहे.

स्कॅनर काय करतो?

१ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्यांना बीएस-६ नियम लागू झाला. तेव्हापासून बहुतेक नव्या दुचाकींमधला कार्बोरेटर गेला. इंजिनात पेट्रोल किती सोडायचं हे आता गाडीतला छोटा कॉम्प्युटर ठरवतो, त्याला ईसीयू म्हणतात. काही बिघडलं की मीटरवर इंजिनचा दिवा लागतो आणि ईसीयूमध्ये एक कोड साठतो. स्कॅनर तो कोड वाचून दाखवतो.

पण कोड म्हणजे निदान नाही. थर्मामीटर ताप आहे एवढं सांगतो. तो मलेरियाचा की टायफॉइडचा, ते रक्त तपासल्यावरच कळतं. तसंच इथे. समजा कारमध्ये ‘पी ०१७१’ हा कोड आला. याचा अर्थ इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कारण काहीही असू शकतं: हवेचा पाइप फाटलाय, सेन्सरवर धूळ बसलीय, पेट्रोलचा पंप कमजोर झालाय किंवा फिल्टर चोंदलाय. कोड बघून सरळ सेन्सर बदलला आणि फाटलेला पाइप तसाच राहिला, तर गिऱ्हाइकाचे पैसे गेले आणि आपलं नावही गेलं. कोड पुसून दिवा विझवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हेही लक्षात ठेवा. बिघाड तसाच असेल तर दिवा पुन्हा लागणारच.

म्हणून स्कॅनरच्या आधी चांगला मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प घ्यायचा. बॅटरी उतरलेली आहे, वायर तुटलीय, अर्थ सैल झालाय, हे त्यावर सापडतं. उतरलेल्या बॅटरीमुळे कधी कधी खोटे कोडही येतात.

कोणता घ्यायचा?

दुकानदार म्हणेल, “यात सगळ्या गाड्या चालतात.” तेव्हा आपल्याकडे कोणत्या गाड्या येतात ते आपल्याला माहीत पाहिजे. त्यासाठी महिनाभर वही लिहा. कंपनी, मॉडेल, कोणत्या सालची, तक्रार काय, आणि स्कॅनर असता तर उपयोग झाला असता का. गटाची वही लिहिता तशीच ही. महिना संपला की वहीच उत्तर देते.

• दुचाकी जास्त असतील तर दुचाकीचाच स्कॅनर घ्या. कारमध्ये स्टेअरिंगखाली १६ पिनांचा ठरावीक सॉकेट असतो. दुचाकीचे सॉकेट वेगळे आणि कंपनीगणिक बदलणारे. त्यामुळे कोणकोणत्या केबल सोबत मिळतात ते मोजून घ्या.

• कार अधूनमधूनच येत असेल तर मोबाइलला ब्लूटूथने जोडायचं स्वस्त यंत्र शिकायला पुरतं. त्यावर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड दिसतात.

• कार रोज येत असतील तर एबीएस आणि एअरबॅगसुद्धा वाचणारा, आणि चालू इंजिनचे आकडे दाखवणारा घ्या. या आकड्यांना लाइव्ह डेटा म्हणतात. खरं निदान तिथेच होतं.

• नवी चावी जोडणं, ईसीयूचं प्रोग्रॅमिंग ही कामं नवशिक्याने पहिल्या वर्षी करू नयेत. त्या सोयींसाठी जास्तीचे पैसेही देऊ नयेत.

• जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या आणि जुने ट्रॅक्टर याच जास्त असतील, तर स्कॅनर थांबू शकतो.

हिशोब करून बघू

समजा १८,००० रुपयांचं कर्ज, १२ हप्ते, महिना शेकडा १ रुपया व्याज. पहिला हप्ता १,५०० मुद्दल आणि १८० व्याज, म्हणजे १,६८० रुपये. एका तपासणीचे १५० रुपये घेतले तर महिन्याला १२ गाड्या लागतील. पण सॉफ्टवेअर दरवर्षी नवं करायला समजा ६,००० लागले, तर महिन्याला आणखी ५०० बाजूला ठेवायचे. मग १२ गाड्या पुरत नाहीत, १५ लागतात. हा वर्षाचा खर्च दुकानात आपण विचारला नाही तर कुणी सांगत नाही. वर्गणी संपल्यावर यंत्र बंद पडतं की जुन्या गाड्यांसाठी चालू राहतं, हेही विचारून घ्या.

बैठकीत विचारायचे प्रश्न

१. महिनाभराची वही आहे का? त्यात स्कॅनर लागणाऱ्या गाड्या किती?
२. मल्टिमीटर आहे का? तो वापरता येतो का?
३. घेण्याआधी आपल्याकडच्या दोन-तीन गाड्यांना लावून बघितला का?
४. पक्कं बिल, वॉरंटी आणि शिकवणारा माणूस मिळणार आहे का?
५. सॉफ्टवेअरचा वर्षाचा खर्च हप्त्यात धरलाय का?

हे प्रश्न अर्ज नाकारण्यासाठी नाहीत. अर्जदार मुलगी असेल तर “बाईला मशीन कशाला” असं बैठकीत कुणी म्हणू नये. प्रश्न सगळ्यांना तेच विचारायचे. पाचही उत्तरं नीट मिळाली तर कर्ज बिनधास्त द्या. वही नसेल तर महिनाभर थांबायला सांगा. तेवढ्याने गॅरेज बंद पडत नाही, पण चुकीच्या यंत्राचे हप्ते वर्षभर फेडावे लागतात.