जन्मसाल मीच टाकलं होतं

तिसगावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरवर बसून जे शिकलो, ते असं.

१. फोन काढून घ्या म्हणणं सोपं असतं. आमच्या पाथर्डी तालुक्यात दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेले आईबाप कारखान्यावर, पोरगं आजीपाशी. मग आईचा आवाज त्याने ऐकायचा कशावर?

२. खोटं आपणच शिकवतो. अकरा वर्षांच्या एका पोराला इन्स्टाग्रामवर खातं हवं होतं. तेराच्या आतल्यांना मनाई, म्हणून मी जन्मसाल २००० टाकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाची काच बसवायला घेतली. सिमकार्डाला ओळखपत्र लागतं. इथे कुणी कागद मागितला नाही. वर्षभराने त्याची आजी आली. "आरं बाबा, चार्जिंग टिकत नाय." बॅटरी ठणठणीत होती. सेटिंगमध्ये पाहिलं तर आदल्या दिवशी एकाच ॲपवर ६ तास १४ मिनिटं. तिला रील उघडून दाखवली. बोट सरकलं की पुढची, तिच्यामागे तिसरी. "ह्याला शेवट नाय का?" मढीची यात्रासुद्धा पाडव्याला उठते. हे उठू नये असंच बांधलंय.

३. गावाने मनावर घेतलं तर संध्याकाळ तरी वाचते. आपल्याच जिल्ह्यातल्या सौंदाळ्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत शिवीला ५०० रुपये दंड लावला आणि विद्यार्थ्यांचा मोबाईल संध्याकाळी ७ ते ९ बंद केला. सांगलीकडच्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून सातला भोंगा वाजतो. झकास. पण गोधडीत रात्री अकराला चालतं, त्याला भोंगा कुठला?

४. दंड कंपनीलाही बसावा. इन्स्टाग्राममुळे दर तीन किशोरवयीन मुलींत एकीला स्वतःचं शरीर जास्तच नकोसं वाटतं, हे फेसबुकच्या आतल्या कागदांत लिहिलेलं होतं. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी बाईंनी ते बाहेर काढले. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना खाती बंद केली. तिथे दंड कंपनीला, पोराला नाही आणि बापालाही नाही. आपल्या २०२३ च्या डेटा कायद्यातही अठराखालच्यांसाठी पालकांची संमती आणि २०० कोटींपर्यंत दंड लिहिलाय. माझं २००० साल त्यात अडकतं का, बघायचंय.

५. स्क्रीनशॉट आधी घ्यावा, मग तक्रार करावी. दहावीतल्या एका मुलीच्या फोटोवर कुणी बनावट खातं काढलं होतं. आम्ही कंपनीला कळवलं. उत्तर इंग्रजीत आलं: नियमभंग आढळला नाही. सरकारच्या २०२१ च्या नियमांत अशा तक्रारीवर २४ तासांत हालचाल करायला सांगितलं होतं, तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करणंही बंधनकारक आहे. मला हे उशिरा कळलं. तोवर मुलीने शाळा सोडायचं काढलं होतं.

तिची आजी काउंटरला टेकून सगळं ऐकत होती. म्हणाली, "ह्या कंपनीचं हापीस नगरला हाये का? सकाळच्या यष्टीनं जाऊन येते मी."