बटाट्याचं धुण्याचं पाणी आणि सेंट्रिफ्यूज: मशीन घेण्याआधी बादलीची परीक्षा



वेफर्स युनिटच्या व्हिडिओत आपण सोलणं, काप करणं आणि तळणं पाहिलं. त्यात एक विषय राहिला, तो म्हणजे पाणी. बटाटा धुतला, सोलला, कापला, परत धुतला, आणि ते पांढरट पाणी नालीत गेलं. पहिल्या आठवड्यात कोणी काही बोलत नाही. महिनाभराने मात्र नालीला आंबूस वास सुटतो, पाणी शेजारच्या विहिरीकडे झिरपायला लागतं आणि तक्रार ग्रामपंचायतीत जाते. अशा वेळी कोणीतरी सल्ला देतं, "सेंट्रिफ्यूज बसवा, पाणी साफ होईल." मशीन लाखांत आहे, त्यामुळे हा धडा नीट वाचा आणि मगच कोटेशन मागवा.

उदाहरणासाठी आपण रिसोड तालुक्यातलं केनवड घेऊ. समजा, तिथे रोज ५०० किलो बटाट्याचं एक युनिट आहे. वाशीम जिल्हा सोयाबीन आणि तुरीचा, म्हणजे बटाटा बराचसा बाहेरून विकत आणायचा. उन्हाळ्यात पाण्याचीही ओढ. म्हणून इथे बटाट्याचा प्रत्येक ग्रॅम आणि पाण्याचा प्रत्येक लिटर हिशोबात धरायला हवा.

सेंट्रिफ्यूज नेमकं करतं काय?

कुरडया करणाऱ्या ताईंना हे समजावून सांगायची गरज नाही. भिजवलेला गहू वाटला, गाळला आणि पातेलं ठेवून दिलं की चीक तळाशी बसतो आणि वर निवळ पाणी येतं. बटाट्याचा कीस धुतलेल्या पाण्यातही तळाशी असाच पांढरा थर बसतो. तो स्टार्च. स्टार्च पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड असतो, म्हणून खाली जातो.

हेच काम सेंट्रिफ्यूज घाईने करतं. ड्रम जोरात फिरतो आणि जड कण बाहेरच्या भिंतीकडे फेकले जातात. १५ सेंटिमीटर त्रिज्येचा ड्रम मिनिटाला ३००० फेरे फिरला, तर भिंतीजवळचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास १५०० पट होतो. दूध डेअरीतलं क्रीम सेपरेटर याच तत्त्वावर चालतं. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी ते १८७८ मध्ये बनवलं.

आता मुद्द्याची गोष्ट. जे आपोआप निवळतं, तेच सेंट्रिफ्यूज लवकर निवळवतं. जे पाण्यात विरघळलेलं आहे, ते सेंट्रिफ्यूजमधून जसंच्या तसं बाहेर पडतं. हे एक वाक्य वहीत लिहून ठेवा. मशीन विकणारा ते सांगेलच असं नाही.

तुमच्या युनिटमध्ये एक नाही, चार पाणी आहेत

१. *मातीचं पाणी.* पहिल्या धुण्याचं. यात रेती आणि माती असते. रेती पटकन बसते, पण चिकणमातीचे बारीक कण फार हट्टी. दोन मायक्रॉनचा कण एक मीटर खाली जायला हिशोबाने तीन दिवसांहून जास्त घेतो. हे पाणी थेट सेंट्रिफ्यूजमध्ये घातलं तर रेती आतला स्क्रू घासून खाते.

२. *सालीचं पाणी.* पीलरमधून येतं. यात साली, लगदा आणि थोडा स्टार्च असतो. आधी जाळी, मग पुढचं.

३. *कापांचं पाणी.* हे खरं कमाईचं पाणी. यातला स्टार्च स्वच्छ असतो. साधारण ४० मायक्रॉनचा दाणा स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला अर्धा-पाऊण तास घेतो, १० मायक्रॉनचा बारीक दाणा सुमारे दहा तास.

४. *गरम आणि तेलकट पाणी.* काप उकळत्या पाण्यातून काढले असतील तर ते पाणी, तसंच कढई आणि फरशी धुतलेलं पाणी. साधारण ६० ते ६५ अंशांच्या पुढे स्टार्च फुगून चिकट होतो, त्याची खळ होते. खळ निवळत नाही आणि मशीनलाही चिकटते. म्हणून हे पाणी कापांच्या पाण्यात कधीही मिसळू देऊ नका.

चार नाल्या वेगळ्या काढायला पाईप आणि गवंडीकामाचा खर्च येतो. तो बांधकामाच्या वेळीच करा. एकदा सगळं पाणी एकत्र झालं की कोणतंही मशीन ते स्वस्तात वेगळं करून देत नाही.

मशीनचे प्रकार थोडक्यात

*बास्केट:* भोकांचा ड्रम. तळण्याआधी कापांचं पाणी झटकायला आपण जे "हायड्रो" वापरतो, ते हेच. तुमच्याकडे हायड्रो असेल तर एक सेंट्रिफ्यूज आधीच आहे! त्यातून निघणारं पाणीही स्टार्चचंच, ते कापांच्या पाण्याकडे वळवा.

*डिकँटर:* आडवा बंद ड्रम आणि आत थोड्या वेगळ्या वेगाने फिरणारा स्क्रू. पाणी एका टोकाने जातं, गाळ दुसऱ्या टोकाने ढकलला जातो. न थांबता चालतो. सालीचा लगदा आणि घट्ट गाळ यासाठी मोठ्या कारखान्यांत हाच असतो.

*हायड्रोसायक्लोन:* याला फिरणारा भाग नसतो. पंपाच्या दाबाने पाणीच शंकूत गरगरतं आणि जड कण खालून पडतात. रेती आणि स्टार्चसाठी चांगला.

आता बादलीची परीक्षा

कापांचं १० लिटर पाणी बादलीत घ्या. रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं पाणी अलगद ओता, तळाचा थर ताटात पसरून कडक वाळवा आणि वजन करा.

समजा ६० ग्रॅम मिळाले. म्हणजे लिटरमागे ६ ग्रॅम. कापांचं पाणी रोज १००० लिटर असेल तर रोज ६ किलो स्टार्च. किलोला ४० रुपये धरले तर दिवसाला २४० रुपये, महिन्याच्या २५ दिवसांत ६००० आणि वर्षाला ७२,००० रुपये. मशीनचं कोटेशन ८ लाखांचं आलं, तर नुसती किंमत वसूल व्हायला ११ वर्षं लागतील. त्यात वीज, बेअरिंग आणि मेकॅनिकचा खर्च धरलेलाच नाही. कर्जाचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू.

हेच युनिट रोज १० टनांचं असेल तर? स्टार्च २० पट, म्हणजे वर्षाला १४ लाख ४० हजार. इथे गणित उलटतं, सेंट्रिफ्यूजचा विचार करायलाच हवा. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे आकडे तुमच्या बादलीतून आणि तुमच्या बाजारभावातून येतील.

५०० किलोच्या युनिटने काय करावं?

दोन टाक्या. प्रत्येकी हजार लिटरची, तळाला उतार, आणि तोटी तळापासून वीतभर वर. एक भरत असताना दुसरी निवळते. उन्हाळ्यात पाणी आंबायला वेळ लागत नाही, म्हणून एप्रिल-मे मध्ये रात्रभर न ठेवता दोन-तीन तासांत वरचं पाणी काढा. बारीक दाणे थोडे जातील, पण माल वाचेल. खालचा स्टार्च स्वच्छ पाण्याने एकदा धुऊन परत निवळवा आणि त्याच दिवशी वाळवायला घाला. खाण्यासाठी विकायचा असेल तर स्वच्छता आणि अन्न परवाना दोन्ही लागेल.

वरचं निवळ पाणी सोडून देऊ नका. ते पहिल्या, मातीच्या धुण्याला वापरा. नवं पाणी आधी कापांना, तिथून मातीच्या बटाट्यांना. उलट क्रमाने कधीच नाही.

मातीच्या पाण्याला वेगळा खड्डा ठेवा. चिकणमाती बसत नसेल तर तुरटी चालते, पण तुरटीचा गाळ जनावरांना घालायचा नाही. ताज्या साली खाऊ घालायच्या तर पशुवैद्यकांना विचारून, हिरव्या आणि कोंब आलेल्या बाजूला काढून.

निवळलं म्हणजे साफ झालं का?

नाही. निवळ पाणी बाटलीत बंद करून दोन दिवस ठेवा आणि उघडा. नाकाला लगेच कळेल. साखर आणि प्रथिनं त्यात विरघळलेली आहेत.

नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन भागाने हे फार मोठ्या प्रमाणावर भोगलं. तिथे १९ व्या शतकापासून बटाटा स्टार्चचे कारखाने होते. स्टार्च काढून उरलेलं पाणी कालव्यांत जायचं आणि अनेक दशकं तिथे फेस आणि दुर्गंधी होती. पुढे त्या पाण्याला उष्णता देऊन प्रथिनं फाडली गेली, जसं आपण दूध फाडून पनीर करतो, आणि मग डिकँटरने वेगळी केली. म्हणजे विरघळलेलं आधी घट्ट करावं लागलं, तेव्हा कुठे सेंट्रिफ्यूज कामाला आलं. छोट्या युनिटचं पाणी इतकं पातळ असतं की हा खर्च परवडत नाही.

आपल्याला जवळचा रस्ता बायोगॅसचा. तामिळनाडूतल्या सेलमच्या साबुदाणा कारखान्यांनी स्टार्चच्या सांडपाण्यावर बायोगॅस चालवला आहे. साली आणि निवळ पाणी दोन्ही त्यात जातं आणि गॅस भट्टीला मिळतो. तेलकट पाणी आधी तेलाच्या सापळ्यातून काढा.

शेवटी उरलेलं पाणी शेतीला द्यायचं तर सरकारी मानकं पाहा: बीओडी लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत, तरंगणारे कण २००, तेल १०, आणि पीएच ५.५ ते ९. प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती युनिट सुरू होण्याआधीच विचारा.

कर्जाच्या फाईलमध्ये हे लिहा

२०२० मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई योजनेत सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे. सध्याची मुदत आणि पाण्याच्या कामातला कोणता खर्च धरला जातो, ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारा. प्रकल्प अहवालात टाक्या, वेगळ्या नाल्या आणि बायोगॅस पहिल्या दिवसापासून दाखवा. नंतर खिशातून करायला जड जातं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. चारही पाण्यांच्या बाटल्या भरा, नाव आणि वेळ लिहा.
२. एक तास, दहा तास आणि दोन दिवसांनी काय दिसतं ते नोंदवा.
३. कापांच्या पाण्याची बादली-परीक्षा तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि सरासरी काढा.
४. वर्षाचा स्टार्च रुपयांत मांडा, मग कोटेशन शेजारी ठेवा.

ही वही घेऊन मशीनवाल्याकडे गेलात तर पहिला प्रश्न तुम्ही विचाराल: "माझ्या पाण्यातलं किती तुमच्या मशीनमध्ये अडकेल, आणि किती तसंच बाहेर येईल?" तुमच्याच पाण्याची चाचणी करून दाखवायला सांगा. दाखवली तर पुढचं बोला.

भेटू पुढच्या धड्यात.