बाई कोणास म्हणावे?

शास्त्रपाठ : योहानाचे दुसरे पत्र, नीतिसूत्रे, अध्याय ३१, वचने १० ते ३१, गणना, अध्याय २७, वचने १ ते ११.

अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील खेड्यांत एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. घरात चार पैसे आले, मुलास नोकरी लागली, की घरचे लोक प्रथम हेच सांगतात की, आता आमच्या बायकांस निंदणास अगर कापूस वेचावयास जावे लागत नाही. उन्हातान्हात श्रमलेल्या देहास विसावा मिळाला तर देवाचे उपकारच मानावेत. परंतु विसावा निराळा, आणि जी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकीत नाही तीच घरंदाज बाई, ही समजूत निराळी. ही समजूत आम्ही शुभवर्तमानातून घेतलेली नाही, वाड्यांकडे पाहून घेतली आहे. वऱ्हाडातील मोठ्या देशमुखी घराण्यांत पूर्वी स्त्रिया पडद्यात असत, आणि ज्यांच्या आया त्या घराण्यांची शेते निंदीत होत्या त्यांस वाटू लागले की, मान म्हणून जो काही आहे तो त्या पडद्यामागे आहे. शहरात ह्याच समजुतीने दुसरे वस्त्र नेसले आहे. तेथे बाईची ओळख लुगड्याच्या किमतीवरून, बोलण्यातील चार इंग्रजी शब्दांवरून व हातातील मोबाईलवरून होते. पडदा काय आणि मोबाईल काय, दोन्हीकडे बाई ही पाहावयाची किंवा झाकावयाची वस्तू झाली. तिचे मत विचारावयाचे कोणाच्या मनात येत नाही.

आपल्या भाषेतील हा शब्दच पाहा. शाळेत ‘बाई आल्या’ असे म्हटले की मुले उठून उभी राहतात. शेतात ‘बाया आल्या’ असे म्हटले की मालक मजुरी मोजू लागतो. शब्द एकच, परंतु एकीकडे मान आहे व दुसरीकडे रोजंदारी. साहेबलोकांच्या भाषेत ज्या शब्दास अत्यंत मान आहे त्या ‘लेडी’ शब्दाचे मूळ तर आमच्या भगिनींस ऐकून हसू येईल. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ भाकरीची कणीक मळणारी असा होता, आणि ‘लॉर्ड’ म्हणजे त्या भाकरीची राखण करणारा! पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी थापणारी वऱ्हाडातील स्त्री त्या मूळ अर्थाने कोणाही राणीइतकीच लेडी आहे.

आता शास्त्राकडे वळू. योहानाचे दुसरे पत्र एका बाईस लिहिलेले आहे. ही बाई म्हणजे एखादी मंडळीच होय, असे कित्येक विद्वान मानितात. कित्येक ती खरोखरीची स्त्री समजतात. तो वाद आपण येथे सोडू. आपल्या कामाचा आहे तो मूळ ग्रीक शब्द. तो ‘कुरिया’ असा आहे. प्रभू येशूस नव्या करारात ‘कुरिओस’, म्हणजे धनी, म्हटले आहे, आणि कुरिया हे त्याच शब्दाचे स्त्रीलिंगी रूप, म्हणजे धनीण. तिच्यावर प्रेषित कोणते काम सोपवितो? खोटे शिक्षण घेऊन येणाऱ्यास घरात घेऊ नये, असे तो तिला सांगतो. कोणाचे शिक्षण खरे व कोणाचे खोटे हे पारखण्याची बुद्धी तिच्या ठायी आहे, व दार उघडावे की लावावे हा अधिकार तिचा आहे, असे मानल्यावाचून ही आज्ञा करिता येत नाही. ज्या घरात उपदेशक येऊन बसला असता बाईने केवळ चहा ठेवावा व आत जावे अशी रीत आहे, त्या घरच्या पुरुषांनी हे पत्र पुन्हा वाचावे. पत्र लहान आहे. अवघी तेरा वचने.

नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील स्त्री आपल्या परिचयाची आहे. लग्नप्रसंगी तो अध्याय वाचितात व वधूने पहाटे उठावे एवढेच त्यातून सांगतात. सोळावे वचन मात्र घाईने वाचून पुढे जातात. त्या वचनातील स्त्री एक शेत पारखून स्वतः विकत घेते व आपल्या कमाईतून द्राक्षमळा लाविते.

आमच्या वऱ्हाडाने अशा धनिणी पाहिल्या नाहीत असे नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक छापून प्रसिद्ध केले. स्त्रीस ज्या मापाने मोजितात त्याच मापाने पुरुषांनी स्वतःस मोजून पाहावे, असे त्यांनी रोखठोक विचारिले. त्या ख्रिस्ती नव्हत्या. तरी आमच्या मंडळ्यांनी त्यांचे नाव जाणावे, कारण त्या आमच्याच मातीतील होत्या. ह्याच वऱ्हाडात सेवा केलेल्या जेनी फुलर मडमांनी हिंदुस्थानातील स्त्रियांवरील अन्यायांविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १९०० साली निघाले, व त्यास प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढिले, आणि पुढे केडगावास मुक्तिसदनात विधवा व दुष्काळातून आलेल्या मुली शेती, विणकाम व छापखान्याची कामे करू लागल्या. रमाबाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर ह्याच स्त्रियांनी खिळे जुळवून छापिले. रमाबाई १९२२ साली प्रभूकडे गेल्या व संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ज्यांचे तोंड सकाळी पाहू नये असे लोक म्हणत, त्यांच्या बोटांची शाई त्या पानांस लागली आहे.

विधवेविषयीचा तो विटाळ अद्यापि गेला नाही, ही दुःखाची गोष्ट होय. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, व इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे सरकारने कळविले. पंचायत हे करू शकते, आणि आमच्या मंडळीत विधवेने लग्नात मागे उभे राहावे काय?

परंतु आमच्या मते बाईपणाची खरी परीक्षा कुंकवापाशी नसून सातबाऱ्यापाशी आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा ह्या सहा जिल्ह्यांस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारला विशेष मदत जाहीर करावी लागली. पुरुष गेला, कर्ज राहिले, आणि पुष्कळ घरी शेत दिराच्या नावे झाले. विधवा त्याच शेतात मजुरीने निंदू लागली. मुलींची गोष्टही तशीच. लग्न झालेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवितात आणि म्हणतात, घरंदाज बहीण भावापाशी वाटा मागत नाही. येथे ‘घरंदाज’ हा शब्द कुलपासारखा वापरला जातो.

मोशेच्या काळीही असाच प्रसंग आला होता. सलाफहाद मुलगा नसता मेला. त्याच्या महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा ह्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दारापाशी मोशे, याजक, सरदार व सर्व मंडळी ह्यांच्या समक्ष उभ्या राहिल्या आणि त्यांनी बापाचे वतन मागितले. मोशेने ती गोष्ट परमेश्वरापुढे नेली, व परमेश्वराने त्या मुलींचे म्हणणे योग्य ठरविले. त्यांस कोणी निर्लज्ज म्हटले, असे शास्त्रात कोठेही नाही.

आमच्या देशाचा कायदाही आज भगिनींच्या बाजूस आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करिता मेला व त्यास मुले असली, तर त्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग पत्नीस मिळतो आणि उरलेला भाग सर्व मुलांत समान वाटला जातो. त्यात मुलगा व मुलगी असा भेद नाही, व मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हिस्सा जात नाही. मयताची नऊ एकर जमीन असून मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असतील, तर पत्नीस तीन एकर व प्रत्येक मुलास आणि मुलीस दोन दोन एकर येतात. हे गणित रात्रीच्या सभेत फळ्यावर मांडून दाखविण्यास उपदेशकांनी संकोच करू नये.

ज्या घरी नुकताच मृत्यू झाला असेल, त्या घरी प्रार्थनेस जाताना उपदेशकाने एवढे अवश्य विचारावे : वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिला काय, आणि त्यात पत्नीचे व मुलींचे नाव लिहिले काय? ही खबर तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते. मुदत टळली म्हणून हक्क बुडत नाही, तेव्हा उशीर झाला तरी अर्ज करावा. फेरफार मंजूर होण्यापूर्वी नोटीस निघते, ती त्या बाईस वाचून दाखवावी. तिला वाचता येत असेल, तर ती तिच्याच हाती द्यावी व तिचे वाचून होईपर्यंत थांबावे.