पिष्टाचे पचन व जनावराचा आहार

परळ येथे १८८६ साली स्थापन झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनावरांच्या पचनाचा अभ्यास होतो. पचनाचे तत्त्व ग्रामसेवकांना सोप्या प्रयोगाने दाखविता येईल.

सेलोफेनच्या दोन नळ्यांत पिष्टाची थंड खळ भरावी. एकीत लाळ मिसळावी. तोंडे बांधून व बाहेरून धुऊन नळ्या निरनिराळ्या भांड्यांत कोमट पाण्यात अर्धा तास ठेवाव्यात. बाहेरचे पाणी आयोडीनने निळे होत नाही. पिष्टाचे मोठे रेणू पापुद्र्यातून जात नाहीत. मात्र लाळेच्या नळीबाहेरील पाणी बेनेडिक्ट द्रावणासह तापविल्यास विटकरी होते. लाळेतील विकराने पिष्टाची साखर बनविली व ती बाहेर आली.

गाईच्या लाळेत हे विकर जवळजवळ नसते. कोठीपोटातील सूक्ष्मजंतू पिष्ट आंबवितात. लग्नात उरलेला भात एकदम घातल्यास पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकते. यास्तव खुराकातील धान्य हळूहळूच वाढवावे.