घराभोवतीचा काँक्रीट पाथवे: तीन पाण्यांचा हिशेब



या आठवड्याच्या व्हिडिओत मी मापं जरा भराभर सांगितली. म्हणून तोच धडा इथे सावकाश लिहितो. वही-पेन घेऊन बसा. तुम्ही छोटी कामं घेणारे मिस्त्री किंवा ठेकेदार असाल, बिल्डिंग मटेरियलचं दुकान चालवत असाल किंवा स्वतःच्या घराभोवती पाथवे करायचा विचार करत असाल, तिघांच्याही कामाची ही माहिती आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. बीबीए झाल्यावर मी वडिलांच्या दुकानात बसायला लागलो. नुसतं सिमेंट विकून किती सुटणार, असं म्हणून २०१७ मध्ये पहिलं काम अंगावर घेतलं. कराडजवळच्या गावात एका निवृत्त गुरुजींचं घर. गेटपासून मागच्या दारापर्यंत पाथवे, ४० फूट लांब आणि ३ फूट रुंद. वास्तुशांत आठ दिवसांवर आलेली, त्यामुळे सगळी घाई. काळ्या मातीवर पातळ मुरूम टाकला, त्यावर ३ इंच काँक्रीट ओतलं. दोन दिवस पाणी मारलं, तिसऱ्या दिवशी मांडववाले आले आणि क्युरिंग संपलं. दिसायला पाथवे आरशासारखा झाला होता. मी त्याचे फोटो स्टेटसला ठेवले.

पहिल्याच पावसाळ्यात तो चार ठिकाणी तडकला. एक तुकडा अर्धा इंच वर उचलला. श्रावणात काकू तुळशीला पाणी घालायला निघाल्या आणि त्या उचललेल्या कडेला ठेचकाळून पडल्या. मनगट मोडलं. मी भेटायला गेलो तेव्हा गुरुजी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, तू बीबीए झालास ना? मग सिमेंटचा हिशेब केलास तसा पाण्याचा का नाही केलास?"

तो पाथवे मी स्वतःच्या खर्चाने फोडून पुन्हा केला. तेव्हापासून प्रत्येक कामाला एकच गोष्ट विचारतो: पाण्याचा हिशेब झाला का? पाणी तीन प्रकारचं असतं. खालचं, आतलं आणि वरचं.

१. खालचं पाणी: माती आणि उतार

आपल्याकडे कृष्णाकाठी काळी माती भरपूर. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं की काँक्रीटही तिच्याबरोबर वर-खाली होणार. म्हणून काळी माती असेल तर निदान १ फूट खोदून काढा आणि मुरूम भरा. मुरूम एकदम ओतायचा नाही. ६-६ इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमस करायची. मोठं काम असेल तर प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने आणा. झाल्यावर टाच रोवून बघा, खड्डा पडला तर अजून धुमस हवी. जमीन मुळातच मुरमाड असेल तर एवढं खोदायची गरज नाही. वरची मऊ माती आणि गवताची मुळं काढली की ४ इंच मुरूम किंवा दगडी सोलिंग पुरतं.

एक लक्षात घ्या, काळी माती खोलवर असते. १ फूट काढली म्हणजे ती संपली असं नाही. म्हणून तिच्यापर्यंत पाणीच कमी जाईल असं बघायचं. पाथवेचा उतार नेहमी भिंतीपासून बाहेरच्या बाजूला, दर फुटाला पाव इंच. ३ फूट रुंदीला पाऊण इंच. डोळ्याला हा उतार जाणवत नाही, पण पाण्याला बरोबर कळतो. गुरुजींच्या घरी माझा उतार भिंतीकडे गेला होता, त्यामुळे स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली ती वेगळीच. फळ्या लावतानाच लेव्हल पाईपने दोन्ही बाजू तपासा. काँक्रीट ओतल्यावर उतार काढता येत नाही.

गच्चीच्या पन्हळीचं पाणी पाथवेवर पडत असेल तर पाईप वाढवून ते बाहेर काढा. आणि पाथवेची वरची पातळी बाहेरच्या मातीपेक्षा १-२ इंच वर ठेवा, म्हणजे पाणी कडेला साठत नाही.

२. आतलं पाणी: मिश्रण

इथे आधी मालाचा हिशेब करू. ४० फूट × ३ फूट × ४ इंच जाडी म्हणजे ४० घनफूट तयार काँक्रीट. कोरडा माल मिसळल्यावर आकसतो, म्हणून १.५४ ने गुणायचं: साधारण ६२ घनफूट कोरडा माल. एम २० साठी नेहमीचं प्रमाण १ : १.५ : ३. सिमेंटची गोणी सव्वा घनफूट धरा.

सिमेंट: ९ गोण्या
वाळू किंवा क्रश सँड: साधारण १७ घनफूट
२० एमएम खडी: साधारण ३४ घनफूट

१०० घनफुटांचा ब्रास, त्यामुळे वाळू पाव ब्रासपेक्षा कमी आणि खडी एक तृतीयांश ब्रास. सांडलवंडीसाठी थोडं जास्त धरा. वाळू-खडी घमेल्याने अंदाजे टाकू नका, फर्मा वापरा.

आता पाणी. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे, असं ठरावीक प्रमाणाने बनवलेल्या एम २० मध्ये एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालतं. म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या ही शेवटची मर्यादा. सुरुवात २५ लिटरने करा. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही यातच मोजलं जातं, म्हणून अजून कमी.

साइटवर काय होतं, तुम्हाला माहीत आहे. मिस्त्री म्हणतात, "मालक, जरा पातळ केलं की पटकन पसरतंय." बरोबर आहे, पसरतं. पण सिमेंटला लागतं त्यापेक्षा जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि आत बारीक पोकळ्या सोडून जातं. काँक्रीट कच्चं राहतं आणि वाळताना जास्त आकसतं. तडे तिथूनच सुरू होतात. म्हणून आमच्या कामावर पाण्याची बादली वेगळी आणि तिच्यावर रंगाने खूण केलेली. मिक्सरजवळ पाण्याचा पाईप ठेवायचा नाही. मिस्त्रींशी भांडायची गरज पडत नाही, खूण बोलते.

ओतण्याआधी मुरूम भिजवून घ्या, नाहीतर तो काँक्रीटमधलं पाणी ओढतो. डबकं मात्र नको. उन्हाळ्यात भर दुपारी ओतू नका, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काम करा. घट्ट होत आलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा जिवंत करायचा नाही, तेवढा माल बाजूला काढा.

पट्टीने लेव्हल काढल्यावर वर पाणी चमकतं. ती चमक जाईपर्यंत थांबा. घाईने वर कोरडं सिमेंट भुरभुरून थापी मारली की पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, पण तो पापुद्रा काही दिवसांत सुटतो, धूळ होते. आणि गुळगुळीत पाथवे पावसात घसरतो. लाकडी रंधा मारा आणि मग स्वच्छ, मऊ झाडू आडवा ओढा. चालण्याच्या दिशेला आडव्या रेषा आल्या की पायाला पकड मिळते. घरात म्हातारी माणसं असतील तर ही रेष लाख मोलाची आहे.

जॉइंट विसरू नका. काँक्रीट आकसणार आणि तडकणार, हे धरूनच चालायचं. तडा कुठे जायचा ते आपण ठरवायचं, एवढंच. ३ फूट रुंदीला दर ३ ते ४ फुटांवर काप द्या, खोली जाडीच्या पाव हिस्सा, म्हणजे ४ इंचाला १ इंच. काप ओलं असतानाच द्या, किंवा दुसऱ्या दिवशी लवकर कटर मशीनने. घराची जोती आणि पाथवे यांच्यामध्ये अर्धा इंच फट ठेवा, तिथे थर्मोकोलची पट्टी लावा आणि नंतर वरून सीलंट भरा. पाथवे भिंतीला चिकटवलात तर एक हलला की दुसऱ्याला ओढणार.

३. वरचं पाणी: क्युरिंग

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण हे काम कुणाचंच नसतं. मिस्त्री पुढच्या साइटवर गेलेले असतात, ठेकेदाराला वाटतं घरमालक पाणी मारतील, घरमालकाला वाटतं ठेकेदाराचा माणूस येईल.

आयएस ४५६ प्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला निदान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला निदान १० दिवस क्युरिंग लागतं. हवा कोरडी आणि गरम असेल तर पीपीसीला १४ दिवस द्या. आपल्या दुकानातून घरकामासाठी बहुतेक पीपीसीच जातं, गोणीवर वाचून घ्या. तिथेच उत्पादनाचा आठवडा आणि वर्षही छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी पाथवेला नको.

स्लॅबसारखे वाफे करून पाणी भरायला पाथवेला जमत नाही, कारण उतारामुळे पाणी एका बाजूला जातं. ओलं गोणपाट अंथरा, वर प्लास्टिक टाका. गोणपाट दुपारी वाळतं, म्हणून दिवसातून तीनदा बघा. दोन दिवसांनी त्यावरून जपून चालता येतं. दुचाकी आठवडाभर नको. चारचाकी या जाडीवर कधीच नको, गाडी जाणार असेल तर जाडी ६ इंच आणि जाळी, असा वेगळा हिशेब करावा लागतो.

आता धंद्याचं गणित

मी ४ ऐवजी ३ इंच जाडी केली तेव्हा सव्वादोन गोण्या सिमेंट वाचवलं होतं, आणि थोडी वाळू-खडी. नंतर काय खर्च केलं? फोडायची मजुरी, राडारोडा उचलायचा ट्रॅक्टर, नवीन ९ गोण्या, वाळू-खडी-मुरूम, पुन्हा मिस्त्रींची मजुरी, आणि हे सगळं बिलात शून्य. त्या गावातून मला पुढची दोन वर्षं एकही काम आलं नाही, ते वेगळंच. दर जागोजागी बदलतात म्हणून आकडा लिहीत नाही. तुमच्या भागातले दर टाकून हा हिशेब एकदा स्वतः करा, जन्मभर लक्षात राहील.

म्हणून आता माझ्या कोटेशनमध्ये या पाच ओळी असतातच:

खोदाई किती, मुरूम किती, थर किती.
काँक्रीटची जाडी आणि प्रमाण.
जॉइंट किती फुटांवर.
क्युरिंग किती दिवस आणि कोण करणार.
काय चालणार नाही (चारचाकी, ट्रॅक्टर).

चौथी ओळ मी वेगळ्या रकमेसह लिहितो. घरमालक विचारतात, "पाणी मारायचे पण पैसे?" मी म्हणतो, "काका, तुम्ही स्वतः मारणार असाल तर ही ओळ खोडतो. फक्त रोज गोणपाटाचा एक फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवा." अर्धे लोक पैसे देतात, अर्धे फोटो पाठवतात. क्युरिंग दोन्हीकडे होतं. दर कमी करून काम मिळवणारा कुणीतरी असतोच, त्याच्याशी दरावर भांडू नका. या पाच ओळी त्याच्या कोटेशनमध्ये आहेत का, एवढंच गिऱ्हाइकाला बघायला सांगा.

देखभाल: वर्षातून दोन फेऱ्या

पहिली फेरी मे महिन्यात, पावसाच्या आधी. जॉइंटमधली माती-गवत काढा, सीलंट सुटलं असेल तिथे पुन्हा भरा. केसासारखा तडा दिसला तर घाबरू नका. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. पावसाळ्यानंतर तो तेवढाच असेल तर साफ करून भरून टाका. लांबला, रुंदावला किंवा एक बाजू वर आली असेल तर दोष खालच्या मुरमात आहे. वरून कितीही सिमेंट चोळलं तरी उपयोग नाही, तेवढा एक तुकडा काढून खालून दुरुस्त करायचा. जॉइंट दिलेले असतील तर एकच तुकडा काढावा लागतो, हा त्यांचा दुसरा फायदा.

दुसरी फेरी पावसाळ्यात, शेवाळ धरायला लागलं की. ताठ ब्रशने घासून पाण्याने धुवा. बाथरूमचं अ‍ॅसिड अजिबात ओतू नका, ते शेवाळाबरोबर सिमेंटही खातं. सावलीच्या बाजूला शेवाळ पुन्हा येणारच, तिथे नजर ठेवा. जवळच्या झाडाच्या बुंध्याभोवती माती मोकळी सोडा, झाडालाही पाणी मिळेल आणि मुळं पाथवे उचलणार नाहीत.

गुरुजींकडचा दुसरा पाथवे आजही उभा आहे. दोन केसासारखे तडे आहेत, त्यांच्या शेजारी गुरुजींच्या अक्षरात पेन्सिलने तारखा लिहिलेल्या आहेत. काकू रोज त्याच वाटेने तुळशीकडे जातात. दिवाळीला फराळ घ्यायला गेलो की मी आधी तो पाथवे बघतो, मग चपला काढतो.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या पाथवेवर एक बादली पाणी ओता. ते भिंतीकडे जातं, बाहेर जातं की मध्येच थांबतं, बघा. मग टेप घेऊन माप लिहा आणि वरच्या रीतीने गोण्यांचा हिशेब काढा. पुढच्या व्हिडिओत आपण याच कामाचं कोटेशन ओळीने ओळ तयार करू. तोपर्यंत पाण्यावर लक्ष ठेवा!