सर्वाधिक प्रगती कोणाची?



स्नेहसंमेलनाच्या बक्षीस समारंभात हॉकी संघासाठी दोन चषक असतात. एक ‘उत्कृष्ट खेळाडू’चा आणि दुसरा ‘सर्वाधिक प्रगती’चा. पहिल्यावर फारसा वाद होत नाही. दुसऱ्यावर मात्र दरवर्षी शिक्षकांच्या खोलीत आणि पालकांच्या घोळक्यात कुजबुज चालते. ही कुजबुज अगदीच निराधार नसते, हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. म्हणून आजचा हा पाठ. विषय खेळाचा असला तरी निम्मा पाठ गणिताचा आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत मुलींच्या संघाची जबाबदारी माझ्याकडे होती. शेवटच्या दोन महिन्यांत आघाडीच्या एका मुलीने पाठोपाठ गोल केले. ते डोळ्यांसमोर ताजे होते, म्हणून प्रगतीचा चषक मी तिला दिला. बचावफळीतली एक अबोल मुलगी पुढच्या जुलैत सरावाला आलीच नाही. नंतर कपाट आवरताना एक जुनी वही सापडली. सामन्याच्या वेळी बाहेर बसलेल्या राखीव मुली तिच्यात खुणा करीत असत. त्या अबोल मुलीच्या बाजूने पहिल्या तीन सामन्यांत २० चढाया आल्या होत्या आणि तिने ७ अडवल्या होत्या. शेवटच्या तीन सामन्यांत २१ पैकी १४ अडवल्या होत्या. आमच्या संघात एवढी झेप दुसऱ्या कोणाचीच नव्हती. वही माझ्याच कपाटात होती, मी ती उघडली नव्हती एवढेच.

पहिल्या दिवसाची नोंद

प्रगती म्हणजे वजाबाकी. आजच्या खेळातून सुरुवातीचा खेळ वजा केला की उरते ती प्रगती. सुरुवातीचा आकडाच लिहून ठेवला नसेल तर वजाबाकी करणार कशी? मग आपण आठवणीवर जातो आणि आठवणीत शेवटचे दोन सामनेच ठळक राहतात.

म्हणून जुलैत पहिल्याच आठवड्यात चाचणी घ्यावी आणि जानेवारीत तीच चाचणी पुन्हा घ्यावी. उदाहरणार्थ, सहा खुणांमधून चेंडू नेऊन परत आणायला किती सेकंद लागतात, किंवा १५ मीटरवरून मारलेल्या १० पुशपैकी एक मीटर रुंदीच्या खुणेत किती बसतात. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. जुलैत आपले मैदान ओले असते, चेंडू गवतात अडतो. जानेवारीत तेच मैदान टणक आणि कोरडे होते. तिथे सर्वांचेच सेकंद कमी होतील आणि ती प्रगती मुलांची नसून मैदानाची असेल. त्यामुळे दोन्ही चाचण्या सिमेंटच्या अंगणात, त्याच चेंडूने घ्याव्यात. दोन वेगळ्या दिवशी तीन-तीन प्रयत्न घेऊन सरासरी काढावी, म्हणजे एखाद्याला त्या दिवशी ताप असला तर त्याच्यावर अन्याय होत नाही.

गोल किती, आणि मिनिटे किती?

समजा, ९ क्रमांकाच्या मुलीने हंगामाच्या पूर्वार्धात २ गोल केले आणि उत्तरार्धात ५. टाळ्या वाजवण्याआधी ती मैदानावर किती वेळ होती ते पाहा. पूर्वार्धात ती १०० मिनिटे खेळली होती, उत्तरार्धात २५० मिनिटे. म्हणजे दोन्ही वेळा दर १०० मिनिटांना २ गोल. तिला संधी वाढवून मिळाली, पण खेळाचा दर होता तिथेच राहिला. याच्या उलटही घडते. एखाद्या मुलाला उत्तरार्धात कमी खेळवले जाते आणि त्याची सुधारणा आकड्यांत दिसतच नाही.

समोर कोण होते?

आपल्या ग्वाल्हेरच्या स्टेडियमला कॅप्टन रूपसिंग यांचे नाव आहे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने याच मैदानावर नाबाद २०० धावा केल्या, त्यामुळे पुष्कळांना रूपसिंग क्रिकेटपटू वाटतात. ते हॉकीपटू होते, मेजर ध्यानचंद यांचे धाकटे बंधू. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले. त्यात रूपसिंगांचे १० आणि ध्यानचंदांचे ८ गोल होते. आता गंमत पाहा. २४ गोल खाणाऱ्या त्या अमेरिकेच्या संघाला कांस्यपदक मिळाले, कारण स्पर्धेत भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ होते! जपानविरुद्ध भारताचा विजय ११-१ असा होता. केवळ हे दोन आकडे मांडून ‘एका आठवड्यात भारताचा खेळ दुपटीने सुधारला’ असे कोणी म्हणाले तर आपण हसू. पण शालेय सामन्यांत आपण नेमके हेच करतो. दुबळ्या संघाविरुद्धचे चार गोल आणि बलाढ्य संघाविरुद्धचा एक गोल एकाच मापाने मोजतो.

खेळाडूची जागा कोणती?

इंदूरजवळच्या महूचे शंकर लक्ष्मण १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताचे गोलरक्षक होते. १९६४ च्या टोकियोतील अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला १-० असे हरवले. गोलांच्या यादीत शंकर लक्ष्मण यांच्या नावापुढे शून्यच, पण पाकिस्तानच्या नावापुढेही शून्यच राहिला तो त्यांच्यामुळे. तेव्हा बचावफळीसाठी अडवलेल्या चढाया, मध्यफळीसाठी सहकाऱ्यापर्यंत पोचलेले पास आणि गोलरक्षकासाठी रोखलेले फटके असे ज्याच्या त्याच्या कामाचे रकाने हवेत.

प्रगती की वाढ?

१९८० च्या दशकात कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी तेथील बर्फावरच्या हॉकीतील कनिष्ठ खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात असल्याने, वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा त्यांना फार मोठा आढळला. बारा वर्षांच्या वयात जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा असतो. तो उंच दिसतो, निवडला जातो, जास्त सराव मिळवतो आणि मग खरोखरच पुढे जातो. आपल्या १४ वर्षांखालील संघातही सहा महिन्यांत कोणी चार बोटे उंच होतो. त्याचा फटका जोरदार होतो हे खरे, पण त्यात सरावाचा वाटा किती हे तपासायला हवे. यासाठी जुलैत आणि जानेवारीत उंची नोंदवावी आणि फटक्याच्या जोरापेक्षा चेंडूवरचा ताबा व पासची अचूकता यांना जास्त महत्त्व द्यावे.

तळातून वर, की वरून आणखी वर?

हा भाग नीट समजून घ्या. समजा, ७ क्रमांकाच्या मुलाला जुलैत १४ सेकंद लागत होते, जानेवारीत १२.५ लागले. फरक १.५ सेकंदांचा. ११ क्रमांकाच्या मुलाचे ११ सेकंदांवरून १०.४ झाले. फरक फक्त ०.६. चषक कोणाचा?

घाई करू नका. नवशिक्या मुलाचे सेकंद पहिल्या काही महिन्यांत भरभर उतरतात. शिवाय जुलैत सर्वांत मागे राहिलेल्यांत काहींचा तो दिवसच वाईट असतो, आणि ते काही न करताही पुढच्या वेळी सरासरीकडे सरकतात. आईवडिलांच्या व मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना १८८६ साली फ्रान्सिस गॉल्टन यांनी हाच नियम मांडला होता.

यावर उपाय सोपा आहे. २१ मुलांचा संघ असेल तर जुलैच्या आकड्यांवरून सात-सात जणांचे तीन गट पाडा आणि प्रत्येक गटाची सरासरी सुधारणा काढा. समजा, ७ क्रमांकाच्या गटाची सरासरी १.६ सेकंद आली, तर तो आपल्या बरोबरीच्यांइतकाच सुधारला. ११ क्रमांकाच्या गटाची सरासरी ०.२ आली, तर तो त्यांच्यापेक्षा ०.४ ने पुढे गेला. आधीच चांगले असलेल्याने आणखी चांगले होणे किती कठीण असते, ते या मोजणीत दिसते. तळाच्या मुलावरही अन्याय होत नाही. तोही आपल्या गटाच्या पुढे गेला तर चषक त्याचा.

निर्णय कसा करावा?

चाचणी, सामन्यांतील नोंद आणि सरावातील हजेरी असे तीन रकाने करावेत. नावांऐवजी चिठ्ठ्यांवर क्रमांक घालून तीन शिक्षकांनी वेगवेगळे गुण द्यावेत, त्यांतले एक संघाशी संबंध नसलेले असावेत. दोघे बरोबरीत आले तर प्रशिक्षकांचे मत घ्यावे. ज्या मुलाने हरलेल्या सामन्यानंतर साहित्य गोळा केले, धाकट्यांना स्टिक धरायला शिकवले, त्याची प्रगती कोणत्याच रकान्यात बसत नाही. तिथे प्रशिक्षकांची नजरच कामाला येते.

विश्वस्त मंडळींना एवढेच सांगायचे की यासाठी खर्च काही नाही. एक वही, एक स्टॉपवॉच आणि मोजपट्टी पुरे. पालकांना विनंती की घरी आल्यावर ‘किती गोल केलेस?’ असे न विचारता ‘जुलैत जमत नव्हते ते आता काय जमते?’ असे विचारून पाहा. आणि चषक एकालाच मिळणार असला तरी वहीतले स्वतःचे पान प्रत्येक खेळाडूला दाखवावे. त्या अबोल मुलीला तिचे पान मी वेळेवर दाखवले असते, तर कदाचित ती पुढच्या जुलैत मैदानावर असती.

स्वाध्याय

१. एका मुलीने पूर्वार्धात १२० मिनिटांत ३ गोल केले, उत्तरार्धात २०० मिनिटांत ४. तिचा दर वाढला की घटला?

२. बचावफळीतील एका मुलाने सुरुवातीला ४० पैकी १४ चढाया अडवल्या, शेवटी ४० पैकी २२. दोन्हींचे शेकडा प्रमाण काढा.

३. तुमच्या वर्गातील शुद्धलेखनाच्या गुणांसाठी ‘सर्वाधिक प्रगती’चा चषक द्यायचा झाला, तर कोणते रकाने कराल? वहीत आखून दाखवा.