गिरगावच्या वाड्या पायी पाहताना

खोताची वाडी, केशवजी नाईकांची चाळ, केळेवाडी, फणसवाडी हे सगळे चर्नी रोड स्टेशनवर उतरून चालत पाहता येते. हल्ली वाटाड्यासह 'हेरिटेज वॉक'ही निघतात. जरूर जा. मात्र फेरीचे पैसे तुम्ही वाटाड्याला दिलेले असतात, वाडीला नव्हे. इथे माणसे राहतात आणि आपण त्यांच्या दारात पाहुणे असतो.

काय करावे

- सकाळी सात-साडेसातला सुरुवात करावी. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर रहदारी वाढली की वाटाड्याचे निम्मे बोलणे हवेत विरते.

- गट लहान असावा, दहा-बारा जणांचा. खोताच्या वाडीत समोरून स्कूटर आली तरी भिंतीला टेकून वाट द्यावी लागते. तिथे चाळीस माणसे शिरली तर राहणाऱ्यांनी जायचे कुठून?

- खोताच्या वाडीतले एखादे घर निवडून त्यासमोर पाच मिनिटे थांबावे. रस्त्याकडे उघडणारी पडवी, बाहेरूनच माडीवर चढणारा लाकडी जिना, कठड्यावरची नक्षी, वर उतरते कौलारू छप्पर. जिना बाहेर असल्याने वरच्या बिऱ्हाडाची ये-जा खालच्यांच्या घरातून होत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू खोतांनी इथल्या जागा ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांना दिल्या आणि वाडी वसली. एके काळी इथे 65 घरे होती असे सांगतात. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत.

- केशवजी नाईकांच्या चाळीत आवर्जून जावे. मुंबईतल्या अगदी पहिल्या सार्वजनिक गणेशोत्सवांपैकी एक इथे 1893 साली सुरू झाला. हल्लीच्या उंच मूर्ती पाहून आलेल्या मुलांना हे अंगण दाखवाच. उत्सव केवढ्याशा जागेत रुजला ते तिथे उभे राहिल्यावरच कळते.

- खाणे गिरगावातच करावे. ठाकूरद्वारला विनयची मिसळ आहे. वाडीत कोणी घरगुती बाटली मसाला विकत असेल, तर भाव न करता घ्यावा. 'अनंताश्रम' खानावळ मात्र बंद झाली आहे. जुने लेख वाचून माशाच्या ताटाच्या आशेने जाऊ नये.

काय टाळावे

- खोताच्या वाडीला 'पोर्तुगीजांची वस्ती', 'मुंबईतला छोटा गोवा' असे म्हणणे. वाटाड्या म्हणाला तर त्यालाही नम्रपणे थांबवावे. ईस्ट इंडियन हे उत्तर कोकणातले आणि मुंबईच्या बेटांवरचे मूळ रहिवासी. पोर्तुगीज अमलात ते ख्रिस्ती झाले, पण घरातली बोली मराठीचीच राहिली. पुढे गोवा-मंगळूरकडून ख्रिस्ती मंडळी नोकरीला येऊ लागली, तेव्हा आपली वेगळी ओळख राखण्यासाठी 1887 मध्ये या मूळ रहिवाशांनी 'ईस्ट इंडियन' नावाची संघटना काढली. इथल्याच माणसांना परके ठरवणे ही या फेऱ्यांतली सर्वांत मोठी चूक आहे.

- न विचारता फोटो काढणे. घराचा बाहेरून काढायचा असला तरी पडवीत कोणी बसले असेल तर आधी विचारावे. वाळत घातलेले कपडे, देवघर, झोपलेले आजोबा यांवर कॅमेरा रोखूच नये. लग्नाआधीच्या फोटोंसाठी दुसऱ्याच्या जिन्यावर चढणे म्हणजे निव्वळ आगाऊपणा.

- चाळीच्या सज्जातून जाताना उघड्या दारांतून आत डोकावणे. दार वाऱ्यासाठी उघडे असते.

- क्रूसाच्या चौथऱ्यावर बसणे, पिशव्या ठेवणे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. त्या काळात रक्षणासाठी प्रार्थना म्हणून वस्त्यावस्त्यांत क्रूस उभारले गेले. आजही लोक तिथे मेणबत्ती लावतात.

- रहिवाशांसमोर 'बिल्डरला दिले तर किती येतील?' असली चर्चा. लाकडी घर दर पावसाळ्याआधी डागडुजी मागते आणि ओळखीचा सुतार सहज मिळत नाही. तरीही घर राखणाऱ्याला हा प्रश्न लागतो.

- ध्वनिक्षेपक, ड्रोन, दुपारी दोन ते चारमधली फेरी.

तुमचे आजोळ गिरगावातले असेल, तर वाटाड्या ठरवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांचे गुडघे साथ देत आहेत तोवर त्यांनाच बरोबर घेऊन जा.